दोन वर्षांचं पोरगं, घरून काम आणि नागपूरचा उन्हाळा: एका घराचं प्रकरण

नरेंद्रनगरच्या बाजूचं हे घर, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. नावं लिहीत नाही, पोराला पिल्लू म्हणू. एप्रिलमध्ये तो २२ महिन्यांचा होता, म्हणजे बोलणं अजून मोजक्या शब्दांचं पण समोरच्याचं सगळं कळतं आणि पाय तर घरात कुठेच थांबत नाहीत. आई घरून जीएसटीचं काम करते, छोट्या दुकानदारांचे रिटर्न भरून देते. बाबा बुटीबोरीला एमआयडीसीत शिफ्टमध्ये. आजी म्हणजे बाबांची आई, गुडघ्यांमुळे बहुतेक वेळ दिवाणावर बसून. झाडूपोछा आणि भांड्यांना मावशी येतात, त्या तासाभरात जातात. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे ओळखीतले आईबाप विचारायला येत असतात, तशीच ही आई आली आणि म्हणाली, "ताई, याला कशात गुंतवू ते सांगा, मला फक्त दोन तास सलग पाहिजेत."

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण या घरात निष्काळजी कोणीच नाही. तिघंही पोरासाठी जीव टाकतात. तरी मोबाईल दिवसाला तीन तासांच्या वर गेला होता, आई रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर बसत होती आणि आजी-सुनेत रोज जेवणाच्या वेळी खटके उडत होते. असं घर मला दर दुसऱ्या सोसायटीत दिसतं.

आधी एक गोष्ट बोलून घेते, कारण ती आई स्वतःलाच दोष देत होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण जी बाई स्वतःच्या डायनिंग टेबलवर स्वतःचं काम करते तिला यातलं काय मिळतं? काहीच नाही. अंगणवाडीतलं पूर्वशालेय शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे दोन वर्षांचं पोर पूर्ण घराच्याच अंगावर. त्यात हिच्या कामाला ठरलेल्या तारखा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही दोन रिटर्न, आणि दुकानदार बिलं पाठवणार १८-१९ ला. तेव्हा "मलाच मॅनेज होत नाही" हे तिचं वाक्य मी तिला पहिल्याच दिवशी सोडायला लावलं.

मी खेळ-बिळ काही सुचवले नाहीत. फ्रिजवर एक कागद लावायला सांगितला, आठवडाभर फक्त लिहायचं, मोबाईल कधी दिला, कोणी दिला आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. आजीला लिहिणं जमत नव्हतं तर ती रेघ मारायची. आठवड्यानं कागद पाहिला तर आईच म्हणाली की अरे हे दिवसभर नाहीचे. खरंच नव्हतं. मोबाईल चारच वेळी दिला जात होता. सकाळी साडेदहाला आई लॅपटॉप उघडते तेव्हा, दुपारी जेवण भरवताना, चारच्या सुमारास झोपेतून उठून किरकिर करतो तेव्हा, आणि संध्याकाळी सातला स्वयंपाकाच्या वेळी. मधल्या वेळात तो बरा खेळत होता, कोणी लक्ष दिलं नव्हतं इतकंच. माझ्या मते अर्धं काम त्या कागदानंच केलं, कारण "दिवसभर काय करू" या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, "साडेदहाला काय करू" याला सापडतं.

मोबाईलबद्दल आकडे सांगणं भाग आहे, कारण घरोघरी यावर नुसतं "मला वाटतं" चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. सोबत हेही आहे की १ ते २ वयाच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल पाहिजे आणि दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तीही दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. लोक स्क्रीनचा आकडा धरून बसतात, मला त्या १८० मिनिटांची जास्त काळजी वाटते. पोराची हालचाल पुरी झाली की बाकीचं बरंच आपोआप सुटतं, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना तीन तास हालचाल आणायची कुठून?

त्यावर येतेच, पण आधी आईनं काय करून पाहिलं होतं ते. तिनं ऑनलाइन एक महागडा बिझी बोर्ड घेतला होता, कड्या-चेन-बटणंवाला, त्यात पिल्लू दोन दिवस रमला. मग रंगीत तांदूळ, मग वाढदिवसाला आलेली सगळी खेळणी एका मोठ्या टबमध्ये. पिल्लू तो टब उपडा करायचा आणि आईकडे यायचा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात १८ ते ३० महिन्यांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ चा, मुलांसमोर एकदा ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६, तर ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्हीही तेच केलं, टब माळ्यावर, बाहेर चारच वस्तू, दर आठवड्याला बदलायच्या. थोडा फरक पडला. पण खेळणी बदलून साडेदहाचा प्रश्न सुटणार नव्हता हे मला दिसत होतं, कारण पोराला खेळणं नकोच होतं, आई जे करते ते पाहिजे होतं. लॅपटॉप, कागद, शिक्का, किचनमधली पळी, बादली.

आणि यात त्याचं काही चुकत नाही. जर्मनीत लाइपझिगला वारनेकेन आणि टोमासेलो या दोघांनी २००६ मध्ये १८ महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात पोचत नाही. असे वेगवेगळे प्रसंग दाखवले, तर २४ पैकी २२ मुलांनी कुठे ना कुठे स्वतःहून मदत केली, कोणी सांगितलं नाही, बक्षीस नाही. म्हणजे या वयात मदत करायची ओढ आतूनच असते. आणि आपण काय करतो, पोराला बाजूला बसवून हातात मोबाईल देतो आणि घाईघाईनं एकट्यानं काम उरकतो, मग तोच पोरगा आठ वर्षांचा झाला की म्हणतो "मी काऊन करू?"

तर सुरुवात बाल्कनीतून केली. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. ओले कपडे एका टोपलीत, चिमटे एका प्लास्टिकच्या डब्यात, डबा पिल्लूच्या हातात. आई कपडा तारेवर टाकणार आणि हात खाली करणार, बोलायचं काही नाही. पहिल्या दिवशी त्यानं डबाच तिच्या हातात दिला. मग एकेक चिमटा. मग त्याच्या लक्षात आलं की मोठ्या चादरीला तीन लागतात आणि त्याच्या स्वतःच्या चड्डीला एकच, तर चड्डी आली की एक चिमटा देऊन तो डबा मागे लपवायचा. लाल चिमटे बाबांच्या शर्टाला हेही त्यानंच ठरवलं. मी एका सकाळी तिथे उभी होते, पोरगा पूर्ण वेळ त्या डब्याशी होता, तोंडातून लाळ गळतेय इतका गढलेला, एकदाही आत पळाला नाही. आजीला हे पटत नव्हतं, दिवाणावरून आवाज आला, "लेकराले कामाले लावून राहिले तुम्ही, काऊन बापा?" आईनं शांतपणे सांगितलं, "आई, त्यालाच पाहिजे हो, डबा घेऊन बघा बरं त्याच्या हातातून." आजीनं मागितला, पिल्लूनं दिला नाही.

यातली एक अडचण खरी आहे आणि ती लपवू नये. पोराला सोबत घेतलं की काम लांबतं. दहा मिनिटांचे कपडे वीस मिनिटं. पालकाची पानं तोडायला बसवलं तर निम्मी पानं फाटतात, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडायला दिली तर काड्या भाजीत आणि पानं खाली. सुरुवातीला हे सगळं अंगावर येतं. पण हिशोब असा बघा की त्या वीस मिनिटांत पोरही सांभाळलं गेलं आणि कपडेही झाले, एरवी कपडे दहा मिनिटांत करून पोरामागे वेगळा अर्धा तास जातोच. शिवाय हालचाल किती झाली, वाका, उठा, टोपली ओढा. डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, दगड अशा आसपासच्या वस्तूंवर बालवाड्या उभ्या केल्या, त्यांना कोणतं बिझी बोर्ड लागलं नव्हतं.

साडेदहाचं मात्र वेगळं होतं, कारण लॅपटॉपच्या कामात दोन वर्षांच्या मुलाला खरा वाटा देता येत नाही. तिथे क्रम उलटा केला. आई आधी काय करायची, त्याला खेळात गुंगवून हळूच सटकायची, आणि पाच मिनिटांत तो शोधत यायचा, मग मांडीवर, मग कीबोर्डवर. आता दहाला ती खाली सतरंजीवर बसते, फोन आत ठेवून, पंधरा-वीस मिनिटं फक्त त्याच्याबरोबर, तो जे म्हणेल ते. मग स्पष्ट सांगून उठते, "आई आता काम करणार, तू तुझं काम कर." त्याचं काम म्हणजे तिच्या टेबलाशेजारी ठेवलेलं छोटं स्टूल, वायर कापून टाकलेला जुना कीबोर्ड, रद्दी कागद आणि जाड खडू. जुना कॅल्क्युलेटरही दिला होता पण तो मी काढायला लावला, त्यात बटण सेल असतो. असा सेल पोरानं गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजू शकते, लगेच दवाखाना गाठावा लागतो, त्यामुळे रिमोट, लाइटवाली खेळणी, वजनकाटा, सगळ्यांची झाकणं स्क्रूची आहेत ना ते बघाच.

पहिले काही दिवस तो रडला. मधेमधे येऊन आईला हात लावायचा आणि परत जायचा. हे येणं बंद करायचं नसतं, ते येणं म्हणजे तो खात्री करून घेतो, पाठीवर हात फिरवला की परत जातो. दोन तास सलग तिला मिळाले नाहीत आणि मिळणारही नव्हते, या वयाचं मूल एका गोष्टीत काही मिनिटंच टिकतं. पण चाळीस मिनिटं, मग पाणी-फळ, मग परत अर्धा तास, असं झालं. तिनं कामच त्याप्रमाणे कापलं, बिलांची एंट्री या वेळेत कारण ती तुटली तरी चालते, आणि हिशोब जुळवायचं डोक्याचं काम तो झोपतो तेव्हा.

आता तो १८० मिनिटांचा प्रश्न. मे महिन्यात सकाळी साडेसातनंतर पोराला बाहेर काढणं नको वाटतं आणि संध्याकाळीही साडेसहाच्या आधी रस्ता तापलेलाच. बाबांची दुपारची शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी सहाला ते त्याला बागेत घेऊन जाऊ लागले. बाबांचं म्हणणं होतं की मला पोरांशी खेळता येत नाही, पण पोराच्या मागे चालत राहायला काय येत पाहिजे? बाकी हालचाल घरातच. जिना, हात धरून तीन मजले खाली-वर. रिकामा वीस लिटरचा पाण्याचा कॅन ढकलत नेणं. जमिनीवर गादी टाकून उड्या. आणि सगळ्यात भारी चाललं ते तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, चाकं लावलेला, माळ्यावर पोत्यात पडला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरभर पोरं नंदी सजवून नेतात आणि मग वर्षभर तो बैल माळ्यावर. आजीनंच आठवण काढली, "त्याचा बैल काढा न वरून, ओढीन तो." दोरी धरून पिल्लू हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, आणि आजी दिवाणावरून त्याला कामं सांगते, बैलावर कांदा ठेव, आईले नेऊन दे, आता बटाटा आण. आजीचे गुडघे हलले नाहीत पण पोर अर्धा तास पळालं. एक सांगून ठेवते, दोरी हाताच्या वितीपेक्षा फार लांब नको आणि खेळ झाला की काढून ठेवायची, गळ्यात अडकू शकते.

चारच्या किरकिरीला पाणी कामाला आलं. बाथरूममध्ये परात, दोन वाट्या, एक गाळणी, टरबुजाची साल होडीसारखी. पण इथे माझा आवाज चढतो, कारण पोर पाण्याजवळ असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे म्हणजे पाहिजेच. इंचभर-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, डोकं जड असतं, बादलीत तोल गेला की त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. खेळ झाला की परात उपडी. नागपुरात तर कूलर आहे घरोघरी. लोखंडी बॉडीच्या कूलरचं अर्थिंग बरोबर नसेल तर ओल्या हाताच्या पोराला शॉक लागू शकतो, दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. या घरातही कूलर पोराच्या हाताला येईल असा हॉलमध्येच होता. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासलं, कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला, आणि पाणी भरताना प्लग काढायचा हा नियम झाला. खायच्या बाबतीतही तेच, फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं या वयाला द्यायची नाहीत, आणि चिंचोके-बिया असले खेळ तोंडात घालायच्या वयात नकोच.

सगळ्यात जड गेलं जेवण. आजी रोज भरवायची आणि मोबाईलशिवाय घास जात नव्हता. "दे न त्याले मोबाईल, दोन घास तरी जाईन पोटात," हे तिचं वाक्य, आणि त्यामागे चीड नव्हती, भीती होती, पोर उपाशी राहील याची. सुनेनं आधी तिला यूट्यूबवरचे डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले होते, त्यानं भांडण वाढलं. मी त्यांना दवाखान्यात जाऊन वजन-उंची बघून या म्हटलं, दोघींनी सोबत. वजन ठीक निघालं, डॉक्टरांनी आजीलाच समजावलं की पोराला भूक कळते, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. मग भरवणं बंद, खाली पेपर, त्याचं वेगळं ताट, वरणभात त्याच्या हातानं, आणि तिघं सोबत जेवणार. पहिला आठवडा आजीनं कसाबसा काढला, तो फार कमी खायचा आणि भात केसांपर्यंत जायचा. तिला एक काम दिलं, जेवताना बोटांचे खेळ आणि गोष्ट, त्यात ती कोणत्याही मोबाईलपेक्षा सरस निघाली. तरी अजून कधीकधी आई क्लायंटच्या फोनवर असली की आजीच्या हातात मोबाईल दिसतो. मी आईला सांगितलं की त्यावरून भांडू नको, रोजच्या पाऊण तासाचं आठवड्यातून एकदोनदा झालं, तेवढं आजीला सोड.

संध्याकाळी सातला आता कणकेचा गोळा असतो, त्याचा आणि आईचा वेगवेगळा, त्याचा शेवटी काळा होतो आणि तो कोणी खात नाही. ओट्यापासून लांब, खाली पाटावर, गॅसपाशी नाही.

१८ ते २० तारखांना यातलं काहीच पुरत नव्हतं, तिथे माणूसच लागतो. वरच्या मजल्यावर एक आई आहे, तिची मुलगी अडीच वर्षांची. दोघींनी ठरवलं, या तीन दिवशी पिल्लू दोन तास वर जाणार आणि बदल्यात रविवारी सकाळी ती मुलगी इकडे, तेव्हा बाबा किंवा आई दोघांनाही सांभाळणार. पैसे नाहीत, उपकार नाहीत. मला विचाराल तर या पूर्ण प्रकरणात सगळ्यात मोठा आधार हाच झाला आणि तो जमायला फक्त एकीनं दुसरीला विचारायचं होतं. बाबांनीही एक सुट्टीची दुपार घेतली, छत्रपती चौकातून मेट्रोनं सीताबर्डी, तिथून दुसऱ्या लाइननं लोकमान्यनगरच्या बाजूला आणि परत. एसी, खिडकी, गाड्या, आणि आईला घरात पूर्ण शांतता.

महिन्याभरानंतर तोच कागद परत फ्रिजवर लावला. मोबाईल दिवसाला साधारण अर्ध्या तासावर आला होता, त्यातला बराचसा मामाशी व्हिडिओ कॉल. दुपारची झोप दीड तासावरून दोनवर गेली, माझा अंदाज की झोपेआधीची स्क्रीन गेली म्हणून. आई रात्री दहाला लॅपटॉप मिटते, तारखांचे दिवस सोडून. बाबांची रात्रपाळी असते तो आठवडा मात्र अजून सुटलेला नाही. बाबांना सकाळी सात ते एक झोपायचं असतं, फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि बैलाच्या चाकांचा आवाज. सध्या त्या आठवड्यात आई लॅपटॉपचं काम दुपारी ढकलते आणि सकाळी पिल्लूला घेऊन वरच्या मजल्यावर बसते. चाकांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवून बघायचं बाबांच्या डोक्यात आहे.